कपाळावरचं पाणी

वजनमापे तपासणाऱ्या निरीक्षकाचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. बाजाराच्या तोंडाशी तो दिसला की दुकानदार "आली साडेसाती" म्हणत तराजू पुसायला घ्यायचे. घरीही तीच तऱ्हा. बायकोने आणलेली किलोभर साखर डब्यात जाण्याआधी त्याच्या काट्यावर चढायची. पाच ग्रॅम कमी भरली की स्वारी खूश. जगाबद्दलचं आपलं मत खरं ठरल्याचं समाधान त्याला दिवसभर पुरायचं.

एकच गोष्ट त्याने सहा वर्षं तपासली नव्हती. त्यांची मुलगी जन्मली आणि तासाभरात गेली. तो पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायको म्हणाली, "नर्सबाईंनी वेळेवर बाप्तिस्मा दिला. ती सरळ स्वर्गात गेली." अशा घाईच्या वेळी कुणीही कपाळावर पाणी घालून, बाळाचं नाव घेत ठरलेले शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकतो, हे त्याला ठाऊक होतं. पण हे सांगताना बायको त्याच्याकडे न बघता चादरीकडे बघत होती, हेही त्याने टिपलं होतं. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं स्वर्गाच्या दाराबाहेरच राहतात, असं आजोबांनी लहानपणी त्याच्या डोक्यात भरवलेलं. फादरना त्याने आडून विचारून पाहिलं, "समजा, कुणाचं बाळ तसंच गेलं तर?"

"देवाच्या दयेवर सोपवायचं," फादर म्हणाले. "आपल्याला आशा आहे."

आशा! म्हणजे अंदाजच की. अंदाजाने मोजलेला माल त्याने उभ्या नोकरीत पास केला नव्हता. तरी नर्सला गाठायला त्याचा पाय उचलत नव्हता. ती "नाही" म्हणाली तर लेक कुठे असेल, या विचारानेच तो प्रसूतिगृहाचा रस्ता टाळायचा.

मग एकदा बाळांचे वजनकाटे तपासायला त्याला मुलगी जन्मली त्याच प्रसूतिगृहात जावं लागलं. काटा दाखवायला नेमकी तीच नर्स आली. केस पिकले होते, पण त्या दिवशी पाहिलेला भुवईवरचा तीळ तोच. काटा अचूक निघाला, त्यामुळे तर तो जास्तच बेचैन झाला. शेवटी न राहवून त्याने बाप्तिस्म्याचं विचारलंच.

"मी?" नर्स म्हणाली. "मला तुमचे ते शब्दसुद्धा येत नाहीत, साहेब. मी डॉक्टरांना बोलवायला धावले होते. परत येते तर बाळाचं कपाळ ओलं आणि तुमच्या मिसेसच्या हातात पाण्याचा पेला. म्हणाल्या, यांनी विचारलं तर तुम्हीच केलंत म्हणून सांगा. तेव्हा मी हो म्हटलं. पण तुम्ही विचारायला आलाच नाहीत. आता एवढ्या वर्षांनी कशाला खोटं बोलू?"

तो तडक घरी आला. बायको इस्त्री करत होती.

"सहा वर्षं खोटं बोललीस माझ्याशी," तो दारातूनच म्हणाला. "नर्स भेटली होती."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "खरं सांगितलं असतं तर काय केलं असतंत? पाणी किती होतं? ओघळलं की नुसतं लागलं? शब्द नीट म्हटलेस की अडखळलीस? रोज एकेक सुरू झालं असतं. आणि मी अडखळले होते हो. नर्सबाई अडखळल्या नसत्या, म्हणून त्यांचं नाव सांगितलं. माझ्यावर तुमचा विश्वास बसला नसता."

हे सगळे प्रश्न, अगदी याच क्रमाने, त्याच्या जिभेवर होते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरगी शेवटचे श्वास घेत असताना ही बाई एका हाताने पाणी घालत होती आणि दुसरीकडे नवऱ्याच्या उलटतपासणीला घाबरत होती.

"कुठे अडखळलीस?" त्याने हळूच विचारलं.

"नावापाशी. आपलं काही ठरलंच नव्हतं ना अजून."

म्हणजे तिला नाव होतं! सहा वर्षं तो मनात नुसतं 'बाळ' म्हणत आला होता.

"मग?"

"मग तुमच्या आईचं घेतलं."

तो खुर्चीत बसला. आई गेल्यापासून ते नाव त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्याने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि ते लेकीला हाक मारावी तसं निघालं.