चौसष्टनंतर एक्याऐंशी

छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. मुद्रितं तपासायचं काम तिचं. तेवीस वर्षं चुका काढून काढून नजर अशी झाली होती, की लग्नाची पत्रिका हातात आली तरी ती आधी चूक शोधायची, मग लग्न कुणाचं ते पाहायची. पत्रिकेत नाही सापडली, तर जेवणात काढायची.

घरी तपासायला धाकटा भाऊ होता.

“कॉलर आत गेलीय.” “नळ नीट बंद कर.” “किती वेळ हात धुतोयस?” यात दुष्टपणा नव्हता हो. आईवडिलांच्या मागे तिनेच त्याला सांभाळलं, त्याच्या आजारापायी स्वतःचं लग्नबिग्न बासनात गुंडाळून ठेवलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द ती न अडखळता म्हणायची. पाच वर्षांत तो तीनदा इस्पितळात गेला. दोनदा बरा होऊन घरी आला आणि दोन्ही वेळा चार महिन्यांच्या आत पुन्हा बिघडला.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरच त्याला विचारलं, “ते आवाज काय म्हणतात?”

“हात नीट धुतले नाहीस म्हणतात. ताईसारखेच आहेत. पण ताई जेवायला वाढते.”

ताईने पर्सची चेन उघडली, मिटली.

“आजार तुमच्यामुळे झालेला नाही,” डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. “गोळ्या हव्यातच. पण देश कुठलाही असो, घरात सारखी टोकाटोकी असली की पेशंट लवकर परत येतो, असं दिसलंय. प्रेमाने केलेली टोकाटोकीही त्यात आली.”

“मग मी करू काय?”

“थोडं कमी बोला.”

हे म्हणजे माशाला थोडं कमी पोहा म्हणण्यासारखं झालं. पण ताई जिद्दीची. धाकटा घरी आला आणि तिने तोंडाला कुलूप घातलं. त्याने शर्ट उलटा घातला, ही गप्प. भाजीत मीठ दोनदा टाकलं, ही गप्प; वर आणखी वाढून घेतली. जीभ चावून चावून तिला चक्क तोंड आलं. छापखान्यात मुद्रितं समोर असली, तरी डोक्यात घरी न बोललेली वाक्यं फिरत असायची.

चार महिने उलटले, सहा झाले. धाकटा ठणठणीत. छापखान्यातच बांधणी खात्यात लागला. छापील कागदांच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, पायाशी छापलेला आकडा बघून क्रमाने रचायचे. वाचायचं नाही, आकडा बघायचा. तिथले मिस्त्री म्हणायचे, “ताई, तुमचा भाऊ माझ्यापेक्षा सरळ थप्पी लावतो!” ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. एवढं वर्ष निघू दे, एवढंच ती मनात म्हणायची.

सातव्या महिन्यात एका दुपारी नव्या पुस्तकाची बांधलेली प्रत तिच्या टेबलावर आली. चौसष्टव्या पानानंतर एक्याऐंशी. तीनशे प्रती बांधून तयार.

ताई प्रत घेऊन खाली गेली, ते पान मिस्त्रींना उघडून दाखवलं. धाकटा गुणगुणत फर्मे रचत होता. तिने आवाज चढवला नाही. अगदी मायेने, पण सगळ्यांच्या देखत, विचारलं,

“सकाळची गोळी घेतलीस ना रे?”

सगळ्यांनी वळून धाकट्याकडे पाहिलं. याला गोळ्या असतात, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

“होतं हो ताई, उसवून पुन्हा शिवू,” मिस्त्री म्हणाले. “माझ्या हातूनही होतं.”

“तुमचं वेगळं.”

धाकट्याने हातातली घडी खाली ठेवली आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

त्याच दिवशी उसवताना मिस्त्रींना दिसलं, की पाचव्या फर्म्यावर सहा छापलंय आणि सहाव्यावर पाच. त्यांनी शेवटचं मुद्रित आणून ताईसमोर ठेवलं. खाली लाल सही, तिचीच. धाकट्याने आकड्याबरहुकूम रचलं होतं.

तेवीस वर्षांत एकही चूक तिने उद्यावर ढकलली नव्हती. ही ढकलली. रविवारी निवांत सांगू म्हणाली. रविवारपर्यंत धाकटा तिचं ऐकेनासा झाला होता. त्याच्याशी बोलणारे दुसरे आले होते.

इस्पितळात पाचव्या आठवड्यात तो जरा माणसांत आला. भेटीच्या खोलीत बाकावर ताई म्हणाली, “चूक माझी होती रे. आकडे मीच तपासले होते.”

त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. टोमणा मारणं त्याला कधी जमलंच नव्हतं. मनापासून, काळजीने त्याने विचारलं,

“ताई, सकाळची गोळी घेतलीस ना?”

शेजारच्या बाकावरच्या दोघांनी वळून ताईकडे पाहिलं.