लिफ्टच्या अलीकडचा मोर्चा

पोहे परतत होते, आणि भिंतीपलीकडची घरघर थांबली. शेजारच्या नात्सुएबाईंच्या ऑक्सिजन मशीनची ती घरघर इतकी अंगवळणी पडली होती की चालू असताना ऐकूही यायची नाही. थांबली तेव्हा मात्र झारा हातात तसाच राहिला. गॅस बंद करून धावले. दार त्यांच्या लेकीनं, युमीनं उघडलं. "खलास," एवढंच म्हणाली. इथे मस्कतमध्ये भाजी संपली, काम उरकलं, भांडण मिटलं, की आम्ही सगळेच हा शब्द म्हणतो... आईसाठीही तिच्या तोंडून तोच निघाला बिचारीच्या.

नात्सुएबाई जपानच्या लेखिका, पक्क्या लाल बावट्याच्या. युमी इथल्या एका गॅस कंपनीत इंजिनियर, माझे यजमानही त्याच कंपनीत. अल मवालेहच्या आमच्या मजल्यावर बाई आल्या त्या पाहुण्या म्हणून, महिन्याभरासाठी. आता जपानी म्हणजे बौद्ध, आणि बौद्ध म्हणजे आपलंच माणूस, असा सरळ हिशेब करून मी त्यांना बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे वंदनेला बोलावलं. पांढरी साडी नेसले, खीर केली, नागपूरकडची चार घरं जमवली. "आपल्याकडे जपानच्या ताई आल्या आहेत" असं कौतुकानं सांगितलंसुद्धा. बाई शेवटपर्यंत शांत बसल्या, दोन वाट्या खीर खाल्ली आणि म्हणाल्या, "खीर फार छान. पण मी बौद्ध नाही हं, मी कम्युनिस्ट आहे." माय गं! आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र इतकं हसू आलं की तिथूनच आमचं जमलं.

त्यांची आई सूतगिरणीत कामाला होती. माझे बाबा नागपुरात मिलमध्ये. हे कळल्यावर मग काय, रोज चार वाजता चहा आणि गप्पा, दोघींच्या मोडक्या इंग्रजीत. गिरणीतल्या बायकांवर त्यांनी पुस्तकं लिहिली, कारखान्याच्या धुरानं खोकून मेलेल्या आपल्या गल्लीवर लिहिलं. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या कारखान्याच्या फाटकासमोर पाटी घेऊन उभ्या राहायच्या, पाऊस असो की बर्फ. कधी दहाजणी असत, कधी एकट्या बाईच. पोलिसांनी उचललंही. तेव्हा युमी लहानगी, शेजाऱ्यांकडे झोपायची. हे सांगताना बाईंचा कप बशीवर जरा जोरात आदळला होता.

त्याच धुरानं त्यांची फुप्फुसं आधीच खाल्ली होती. इथे आल्यावर न्यूमोनिया झाला आणि उरलंसुरलंही गेलं. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन आणि नर्स सोबत घेऊन विमानप्रवास होऊ शकेल, पण धोका आहे. युमी म्हणाली, नाही म्हणजे नाही. ज्या कंपन्यांच्या धुराविरुद्ध जन्मभर बोंब मारली, तसल्याच कंपनीनं दिलेल्या फ्लॅटमध्ये, बंद काचांआड, एसीच्या गारव्यात बाई अडकून पडल्या. मशीनची नळी लांब होती, पण ती लिफ्टच्या अलीकडे चार पावलांवर संपायची. रोज तिथवर यायच्या, बटणाकडे बघायच्या आणि परत फिरायच्या.

एका शुक्रवारी मी दार उघडलं तर बाई पॅसेजमध्ये स्टुलावर, स्वतःच्याच लेकीच्या दाराकडे तोंड करून! हातात मवालेहच्या बाजारातल्या केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर जपानीत लिहिलेलं, अर्थ त्यांनीच सांगितला: मला घरी जाऊ द्या. आमचा वॉचमन हमीदभाई, रत्नागिरीकडचा, घाबराघुबरा होऊन विनवत होता, "मावशी, यल्ला, आत चला ना. कोणी बघितलं तर माझी नोकरी जाईल." मी आत जाऊन मार्कर आणला आणि पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मराठीत एक घोषणा लिहिली. मिलच्या मोर्च्यात बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलेली, तीच बाईंना शिकवली: कोण म्हणतं देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही! "कोन म्हंतो देनार नाय" इतकंच त्यांना जमायचं, पुढचं मी म्हणायचे. "मान्य करा" मात्र झकास जमलं. यजमान आतून ओरडले, "अगं, तुला वेड लागलंय का?" म्हटलं, "लागलंय. चहा ठेवा."

मग दर शुक्रवारी तेच. पाच वाजता स्टूल बाहेर. युमी दार उघडायची, बाई विचारायच्या, "मान्य?" आणि ती पोरगीही मराठीतच म्हणायची, "नाही." दोघी हसायच्या. पण एकदा हसताहसता युमी रडायलाच लागली. "विमानात तुला काही झालं तर, आई?"

"मग निदान अर्ध्या वाटेवर तरी पोचले असेन."

"जन्मभर तू फाटकांसमोर उभी राहिलीस. आत्ता कुठे माझ्या घरात आहेस... मी नाही सोडणार तुला." बाईंनी पाटी खाली ठेवली. मला दोघींचंही पटत होतं, हेच तर दुखणं. पुढच्या शुक्रवारी स्टूल पुन्हा बाहेर आलंच.

बाई गेल्या, आणि जिवंतपणी जे अशक्य होतं ते आठवड्याभरात झालं. कागद झाले, शिक्के बसले, पेटी विमानात चढली. ना डॉक्टरची परवानगी, ना नर्स, ना ऑक्सिजन. माझा इतका संताप झाला की विमानतळावरून परतताना गाडीचं दार मी आपटूनच लावलं.

युमी आईला तिच्या गल्लीत पोचवून परत आली. परवा शुक्रवार होता. पाचच्या सुमारास पॅसेजमध्ये खरखर ऐकू आली म्हणून बघितलं. स्टूल बाहेर होतं. युमी त्यावर बसली होती, मांडीवर तो पुठ्ठा, मराठी बाजू वर. "करुणा-सान, वाच ना," म्हणाली. मी वाचलं, "कोण म्हणतं देणार नाही..." आणि सवयीनं पुढचंही मीच म्हटलं.

युमीनं आपल्याच घराच्या बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "मान्य."