फूटभर मार्जिन

आज नगरपालिकेत जाऊन आले आणि अजून डोकं गरगरतंय. गुडघ्यामुळे आईला जिना चढवत नाही, म्हणून आम्ही खाली बाथरूम बांधायची परवानगी मागितलीय. गेल्या आठवड्यात तिथले इंजिनियर जागा बघायला आले, टेप लावली, चहा घेतला आणि म्हणाले, "काकू, बांधाच तुम्ही. किती हाल होतायत!" आम्ही खूश! आज फाइल बघते तर त्यांच्याच अक्षरात अहवाल: कुंपणापासून मोकळं सोडायचं मार्जिन फूटभर कमी, परवानगी देऊ नये.

"अहो सर, तुम्हीच तर म्हणालात ना!"

"अगं, ते मी म्हणालो. अहवालात टेप सांगते तेच लिहावं लागतं. निर्णय वरचे साहेब घेतील."

पण वरच्या साहेबांनी आईला जिन्याच्या मध्यात थांबलेलं कुठे पाहिलंय? ते फक्त कागद बघणार. आणि टेप तरी खोटं कुठे बोलली? फूटभर कमी आहेच की! मग मी नक्की कोणावर चिडलेय?

निघताना इंजिनियरांनी अगदी मनापासून विचारलं, "काकूंचा गुडघा कसाय आता?"

सवयीने तोंडातून निघून गेलं, "बराय."

बाहेर आले आणि धस्स झालं. हेही अहवालात लिहिलं तर?