मावशीचं वरचं घर

कुणी मोठ्यानं बोलायला लागलं, की मावशी मागून त्याच्या सदऱ्याची बाही ओढायची. "बास की आता. जेवलास का?" तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. आमच्याकडे ती बाही बहुतेक वेळा माझी असायची, कारण मोठ्यानं बोलणं हाच माझा त्या काळातला खरा उद्योग होता.

नांदेडला गोदावरीच्या काठाला लागून असलेल्या चिंचोळ्या वस्तीत आम्ही राहायचो. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास मी चाकूर सोडून इथं शिकवण्या घ्यायला आलो. भाग्य तिकडं उजळलं नि हा इकडं पळाला, असं गावाकडचे अजून म्हणतात. मावशी तरुणपणी रुळाच्या कामावर खडी वाहायला आली आणि इथंच राहिली. तिच्या भिंतीला भिंत लागून चाँदबीचं घर. चाँदबीला दिसत नव्हतं. मावशी सकाळी भिंतीवर थाप मारायची, "उठलीस का गं?" पलीकडून यायचं, "हाव, मेली न्हाई अजून." मगच मावशीची चूल पेटायची.

दुष्काळात नदीत नुसती वाळू उरली. टँकर आला की मी पाण्याच्या हक्कावर बोलायला लागायचो. एकदा भाषण असं रंगलं की टँकर निघून गेला आणि माझी घागर कोरडीच. मावशीनं आपल्या हंड्यातलं पाणी तिच्यात ओतलं. चाँदबीचं तिनं आधीच भरून ठेवलं होतं.

"बोलून राहिलास ते चांगलं हाय," ती म्हणाली, "पण रांगेत उभा राहून बोलत जा."

पुढं नदीकाठ सुधारायचं ठरलं. तिथं रुंद रस्ता, बाग, दगडी पायऱ्या. आम्हाला गावाबाहेरच्या इमारतीत घरं. मी कृती समिती काढली. अध्यक्षही झालो, दुसरं कुणी तयारच नव्हतं. बैठकीत मी नदी, इतिहास, माणूस असं बरंच बोललो. पालिकेच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ पाहिलं. मग मावशी उठली.

"साहेब, जा म्हणता तर जाऊ. आमच्या दोघींची भिंत तेवढी एक ठेवा."

"घरं चिठ्ठ्या टाकून मिळतील, मावशी. माझ्या हातात काही नाही."

चिठ्ठीत मावशीला तळमजला लागला. सगळ्यांना तोच हवा होता. चाँदबीला चौथा मजला, आणि तिच्या शेजारचं घर मला. चाँदबीला खाली आणावं म्हणून मावशीनं तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला लई विनवलं. तो बधला नाही. मग ती माझ्याकडे आली.

"तू खाली ये. मी वर जाते."

"मावशी, तुझे गुडघे? लिफ्टसुद्धा नाही."

"गुडघे दोघींचे हायेत. डोळे एकीचेच हायेत."

अशा रीतीनं संघर्षाच्या अध्यक्षाला इमारतीतलं सर्वांत चांगलं घर मिळालं. मी मोठ्या मनानं कबूल झालो. मन इतकं मोठं करायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

वर गेलेली मावशी क्वचितच खाली उतरली. तिची भाजी मी न्यायचो आणि दारात धापा टाकत उभा राहायचो. "या अध्यक्ष, बसा," म्हणत दोघी खुदुखुदु हसायच्या.

एका हिवाळ्यात मावशी झोपेतच गेली. आम्ही तिला खाली आणून अंगणात ठेवलं. बुद्धवंदना सुरू होण्याआधी मी चाँदबीला आणायला वर धावलो. ती अर्ध्या जिन्यात होती, एक हात भिंतीवर, एकटी. मी हात पुढं केला.

"नक्को बेटा. तिनं शिकवलाय मला जिना. रोज दुपारी वर बसून हाका मारायची, एक एक पायरी."

रोज दुपारी मी खाली शिकवणीत ओरडत असायचो. मला कधी काही ऐकूच आलं नव्हतं.

मी भिंतीला चिकटून वाट दिली. पाय चाचपत ती शेवटच्या पायरीवरून अंगणात आली. लोक बाजूला झाले. तिनं दोन्ही हात पुढं पसरले.

"किधर हाय गे तू?"