धाकलूने राखून ठेवलेला शब्द

वैशाखरे गावच्या धाकलूने निम्म्या मुरबाड तालुक्याचे आईबाप मारले, अशी बाजारात बोलवा होती. सांगणारे डोळे बारीक करून आवाज खाली आणायचे, ‘त्याने कागदावर लिवला का मानूस गेलाच समज.’

साफ खोटं. धाकलूने जन्मात कुणाला मारलं नाही. तो फक्त आजारी पाडायचा, आणि तेही घरच्यांच्याच सांगण्यावरून. बऱ्याचदा तर ‘सिरियस’ झालेला बाप शेजारच्या बाकड्यावर बशीत चहा फुंकत असायचा आणि वर विचारायचा, ‘माझा खोकला घातलास का रे त्याच्यात?’

धाकलू तारा लिहून द्यायचा. पंच्याण्णव-शहाण्णवचे दिवस. एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, पण फोनवरचा आजार कंपन्या मानत नसत; रजेला तारेचा कागद लागायचा. वाड्यांमधली पोरं कामाला पार वापीपर्यंत गेलेली. मग भाताची आवणी आली, घर शाकारायचं निघालं, भावाला मुलगी बघायची ठरली, की मंडळी तारऑफिसासमोर, आमच्या चहाच्या टपरीवर, धाकलूला शोधत यायची.

“धाकलूबाबा, आमच्या बापाला जरा आजारी पाडा ना.”

“किती पाडू?”

“आवणी होईस्तोवर.”

“मग सिरियस बास झाला. क्रिटिकल कशाला? सायब संशय घेल.”

हे इंग्रजी त्याने पुस्तकातून घेतलं नव्हतं. तरुणपणी तो कल्याणच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता आणि तिथे शब्दांचे अर्थ डॉक्टरांच्या पायांवरून शिकला होता. तो सांगायचा, “सिक म्हनला का डॉक्टर चालता चालता बघतो. सिरियस म्हनला का खाटेपाशी थांबतो. क्रिटिकल म्हनला का धावतो.”

“आणि त्याच्या पुढं?”

“त्याच्या पुढं सिंकिंग. तवा डॉक्टर काय करत नाय. भाहेर येतो, घरच्यांना म्हनतो, आत या.”

हा शेवटचा शब्द त्याने कधी कुणाला दिला नव्हता. कुणी कितीही गळ घालो. कणगीतल्या बियाण्याला हात लावत नाहीत, तसा तो त्याने बाजूला काढून ठेवलेला. “ज्याचा खरा असंल त्याला,” एवढंच म्हणायचा.

त्याचा स्वतःचा मुलगा सुदाम वापीला रंगाच्या कारखान्यात होता. आदल्या आवणीला माणसं कमी पडली, तेव्हा धाकलूने त्यालाही तार केली, ‘मदर सिरियस’. सुदाम मोसंब्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरला तो बांधावरून धावतच आला. आई, बुधी, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “आलास? ती मूठ घे बघू.” शेतभर हशा. सुदाम हसला नाही. मोसंब्यांची पिशवी बांधावर ठेवून बापाला म्हणाला, “आता खरा झाला तरी मी येनार नाय, बाबा. सांगून ठेवतो.”

त्याच वर्षी थंडीत ठकी आली. त्यांच्याच वाडीची, धाकलूच्या ओळखीची. पदराने डोळे पुशीत, हुंदके देत, सासूचं काय काय सांगत होती. मुलगा कान्हा वापीलाच, सुदामच्याच खोलीवर. धाकलू बराच वेळ पेन हातात धरून बसला आणि मग त्याने तो शब्द लिहिला. तारमास्तर नाकातून वाचत गेले, “ग्रँडमदर सिंकिंऽऽग,” आणि तार गेली.

पुढच्या आठवड्यात कान्हाचा साखरपुडा झाला. सिंकिंग आजीने फुगडी घातली.

मग काय! “ठकीला दिला तो शब्द आमाला पन द्या,” म्हणून रांग लागली. धाकलूने नकार दिला, तर लोकांनी तारमास्तरांकडून स्पेलिंग काढून आणलं. शिमग्याला सुदाम घरी आला तोच हसत, “बाबा, तुमच्या सिंकिंगवर आमच्याकडं आठवडाभर रजा मिळते!” धाकलू जेवण अर्धवट टाकून उठला.

आणि चैत्रात बुधी आजारी पडली. आधी जेवण तुटलं, मग पोट फुगलं. मुरबाडला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर खाटेपाशी थांबला. दुसऱ्या दिवशी धावला. तिसऱ्या दिवशी दुपारी सावकाश बाहेर आला आणि म्हणाला, “घरचं कोण आहे? आत या.”

धाकलू आत गेला. बुधीने डोळे न उघडता विचारलं, “सुदाम आला?”

“येतोय,” धाकलू म्हणाला.

तिथून तो सरळ तारऑफिसासमोर आला आणि आपल्या बाकड्यावर बसला. मी चहा नेऊन ठेवला. त्याने बघितलाही नाही. कागदावर ‘मदर’ लिहून पेन थांबलं. ‘सिरियस’ला मुलगा एकदा फसला होता. क्रिटिकल साऱ्या वाडीच्या तोंडी झाला होता. आणि राखलेला होता तो कान्हाच्या साखरपुड्यात गेला. बायको दवाखान्यात खाटेवर, आणि तालुक्याला शब्द पुरवणाऱ्या माणसाकडे तिच्यासाठी एक नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं: ‘मदर आस्किंग फॉर यू. कम.’

“धाकलूबाबा,” मी म्हटलं, “आई विचारते म्हणून कोण रजा देतंय? सिंकिंगच्या आधी व्हेरी लावा.”

“नाय.”

“सुदामदादा असल्या तारेला येत नाय. पैज!”

मी तेव्हा अख्ख्या बाजाराच्या नकला करायचे. तारमास्तरांचं नाक, ठकीचे हुंदके, आणि सगळ्यांत जास्त मागणी धाकलूच्या ‘किती पाडू?’ला. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. “हरलीस तर माजा आवाज काडायचा नाय, पोरी. कदीच.”

“कबूल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणच्या एसटीतून सुदाम उतरला. अंगावर रंगाचे डाग पडलेले कामाचे कपडे, हातात काही नाही. दवाखान्याच्या दारात धाकलू बसला होता. त्याला बघून सुदाम लांबूनच ओरडला, “हाय ना?”

“हाय. जा आत.”

“रजा नाय दिली. तसाच निगालो.” आणि आत जाता जाता वळून म्हणाला, “तारेत आजारच नव्हता, बाबा. तुमच्या तारेत आजार नाय, मी घाबरलो.”

बुधीला बोलता येत नव्हतं. तिने त्याचं मनगट धरलं, चिखलात रोपांची मूठ धरायची तसं घट्ट. पहाटे ते सुटलं.

दिवसकार्य आटोपल्यावर धाकलू एकदा टपरीवर आला. लिहायला नाही, पेन त्याने सुदामच्या हाती वापीला देऊन टाकलं होतं. शेवटच्या बाकड्यावर, भिंतीकडे तोंड करून बसला. नव्या गिऱ्हाइकांना तो दिसलाही नाही. त्यांच्यातला एक मला म्हणाला, “ए, तो धाकलूचा आवाज काड ना! किती पाडू, किती पाडू!”

मी कपबशा विसळत राहिले.

“काड की गो! काय झाला?”

भिंतीकडून, मान न वळवता, धाकलू म्हणाला, “ती नाय काडनार. पैज हरलीय.”