मारुतीची बाटली

अण्णांना दोघांनी धरून आत आणलं. आडवं केलं की त्यांना धाप लागायची, म्हणून बसवूनच ठेवलं. पाय सुजलेले. वजनकाट्यावर मागच्या वेळेपेक्षा कितीतरी किलो जास्त. दोन-तीन दिवसांत असं चढतं ते जेवण नसतं, पाणी असतं. ते फुप्फुसांपर्यंत पोचलं होतं.

मी बीडमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे. किडनी बंद पडली की रक्त स्वच्छ करायचं आणि जास्तीचं पाणी काढायचं काम मशीन करतं. मधल्या दिवसांत प्यालेल्या पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. म्हणून कितीही ऊन असो, पेशंटने पाणी मोजूनमापून प्यायचं. मे महिन्यात हे सांगताना माझीच जीभ कोरडी पडते.

मशीन सुरू झाल्यावर डॉक्टर मॅडमनी विचारलं, "अण्णा, किती पाणी प्यालात?"

"मारुती पितो तेवढंच," अण्णा धापा टाकत म्हणाले.

मारुती शेजारच्या बेडवरचा. मांजरसुंब्याकडे शेळ्या राखायचा. त्याला अजून लघवी होत होती, म्हणून मॅडमनी त्याला रोज एक बाटली पाणी जास्त प्यायची मुभा दिली होती. अण्णांची लघवी केव्हाच बंद झालेली. ज्यांना विचारल्याशिवाय गावात सरपंच ठरत नाही, ते अण्णा शेळ्या राखणाऱ्याच्या लघवीवर जळत होते. मला हसू आलं नाही. मी स्वतः जळक्या स्वभावाचा. शेजाऱ्याने नवा कूलर आणला तरी माझी झोप उडते.

पाणी निघालं, अण्णांचा जीव वाचला. बोलता येऊ लागल्यावर पहिला प्रश्न तोच.

"त्याला बाटली आन् मला घोटभर. कावून?"

"त्याची किडनी अजून थोडं काम करते, अण्णा."

"लई नशिबाचा हाय," अण्णा म्हणाले आणि मारुतीच्या बाटलीकडे बघत राहिले.

पण मारुती दिवसभर शेळ्यांमागे उन्हात. पुढच्याच आठवड्यात चक्कर येऊन पडला. बीपी खाली, डोळे आत गेलेले. घाम जाऊन अंग सुकलं की किडनीत उरलीसुरली ताकद असते तीही जाते.

"लघवी?" मॅडमनी विचारलं.

"परवापासनं न्हाई."

मॅडमनी काही दिवस वाट बघितली. लघवी परत सुरू झाली नाही. मारुतीची जास्तीची बाटली बंद झाली.

हे ऐकून अण्णांना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. मला वाटलं असतं. अण्णांनी मारुतीच्या बेडकडे मान वळवली.

"आता जळावं तरी कुणावर?" ते म्हणाले.

"ह्या भाऊंवर जळू की, अण्णा," मारुती म्हणाला.

दोघंही माझ्या हाताकडे बघत होते. फ्रिजमधली गार बाटली, झाकण उघडलेलं, मी घोट घेणारच होतो.

मी झाकण लावलं. तेव्हापासून पाणी बाहेर जाऊन पितो. नवा टेक्निशियन आला की मशीनच्या आधी त्याला हेच शिकवतो.