कुकरातली कढी

तुपात कढीपत्ता तडतडला की मला घाटकोपरची माझी पहिली खोली आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरातली पहिली पदवीधर मी, नोकरीसाठी एकटीच मुंबईला आलेली. महिन्याभरात आई मला परत न्यायला गावाहून आली.

मी ताकात बेसन कालवून कुकर स्टोव्हवर ठेवला.

“कुकरात कढी? फुटणार बघ!” आई म्हणाली.

उकळी येईपर्यंत मी ढवळत राहिले. मग झाकण लावून एकच शिट्टी काढली. कढी एकजीव झाली होती. वरून मीठ घातलं.

“मीठ शेवटी घातलंस?”

“तूच शिकवलंस की गं.”

आईने भुरका मारला, पुन्हा वाटी पुढे केली.

“वाढ अजून. आणि संध्याकाळी माझं एकटीचंच तिकीट काढून आण.”